पारुबाईचा दुसरा घोट

आमच्या तांड्यात दारूबद्दल बोलायचा अधिकार दोघांचा. एक पेमादादा, कारण त्यानं ती सगळ्यात जास्त पिली. दुसरी त्याची बायको पारुबाई, कारण तिनं ती सगळ्यात चांगली काढली. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं हे मी ऐकीव सांगत नाही.

पारुबाई लग्न होऊन आली तेव्हा सासरी मोहाची भट्टी होती. मडक्यात फुलं भिजत घालायची आणि सडवा तयार झाला की नाही हे सासू या नव्या सुनेला विचारायची. ही मडक्यावर वाकायची, डोळे मिटायची, नाक ओढायची आणि सांगायची, "आज न्हाई. परवा." सासूला स्वतःच्या लेकापेक्षा सुनेच्या नाकावर जास्त भरवसा.

ती मडकी तिनं स्वतःच फोडली. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. ऊसतोडीला गेले असताना पेमादादा पिऊन गाडीवरून पडला आणि चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय राहिला, पण कायमचा आखडला. दवाखान्यातून त्याला आणला त्या दिवशी आमच्या गल्लीतून मोहाचा ओघळ वाहिला आणि दुपारपर्यंत आमच्या कोंबड्या तिरप्या चालत होत्या. सेवालाल महाराजांच्या मंदिरात तिनं नवऱ्याला शपथ घ्यायला लावली. त्यानं ती पाळली. होळीला सगळा तांडा झुलत असताना हा गडी चहाची बशी धरून बसायचा. मी म्हणायचो, "दादा, जरा हळू. चढंल."

मग पारुबाईनं बाया गोळा केल्या आणि नियम केला. पिऊन सापडेल त्यानं सकाळी उघड्या डोक्यानं मंदिरासमोरचा चौक झाडायचा, बायांनी बघत उभं राहायचं. पागोटं काढून झाडू धरायचा म्हणजे भल्याभल्यांची मान खाली. आमच्या नरसिंगनं इतक्यांदा चौक झाडला की त्याच्या सासऱ्याला वाटलं जावयाला नोकरी लागली.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं बायांचं मतदान आलं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का. पारुबाई उन्हातान्हात घरोघर फिरून राहिली होती. आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा लेक रणजीत सुट्टीवर आला. तो पुण्याला एका मोठ्या हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला. कुठल्याशा पार्टीत उरलेली एक बाटली त्याच्या वाट्याला आली होती. जाड काच, बुचाला तार बांधलेली, वर एका फळाचं चित्र. पेरूनं गालाला लाली लावल्यासारखं ते फळ दिसत होतं.

संध्याकाळी पारुबाई फिरून आली आणि ओट्यावर टेकली. पेमादादा बशी घेऊन बाजूला. मी आपला सहज डोकावलो, म्हणजे नेहमीसारखा.

"हे काय आणलंस रं?" तिनं विचारलं.

"फ्रूट बिअर म्हणतात, याडी." रणजीत आईला याडीच म्हणतो. "नावालाच बिअर. बेल्जियमच्या पद्धतीची. पीच म्हणून फळ असतंय, त्याचं सरबत समज. तिथं बायाबी पितात."

"तिथल्या बायाला दुसरं काम न्हाई वाटतं," पारुबाई म्हणाली. पण घशाला कोरड पडली होती. सून रीतानं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाजवळ गार केली होती. तार सोडली तसं बूच उडून पत्र्याला लागलं आणि फेस रीताच्या हातावर आला. रंग मधासारखा.

मलाही अर्धा गिलास मिळाला. मला विचाराल तर ताकात साखर आणि सोडा. पण माझ्या जिभेला कोण विचारतं? सगळे पारुबाईकडं बघत होते. तिनं गिलास नाकाशी नेला.

"आंब्याच्या अढीत हात घातला की येतो तसा वास हाय. गवतासकट." एक घोट घेतला. "आधी गोड. मंग आंबट, शिळ्या आंबिलीवानी. जिभेला टोचतंय. मागून जरा कडू..."

तिथं ती थांबली. डोळे मिटले. मला ते मिटलेले डोळे ओळखीचे वाटले. मडक्यावर वाकलेली नवी सून आठवली. एवढ्यात ती गिलास खाली ठेवील असं वाटलं. तिनं दुसरा घोट घेतला. मोठा. तोंडात धरून ठेवला, सावकाश गिळला, आणि माहेरच्या वाटेला लागलेल्या बाईच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं.

"कसं लागून राहिलं?" पेमादादानं विचारलं.

"सरबत हाय," ती म्हणाली.

"मंग मलाबी दे की." त्यानं बशीतला चहा संपवला आणि बशी पुढं केली.

रणजीतनं बाटली उचलली. पारुबाईनं बशीवर तळहात ठेवला.

"त्यांना न्हाई."

"काहून? सरबत हाय ना?" पेमादादा म्हणाला.

"वयनी, सगळं एकटीच पिता व्हय?" मी म्हणालो आणि हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

पारुबाईचा हात बशीवरच. खाली बघत म्हणाली, "दारू हाय ती."

"याडी, कायबी काय, ती अगदी हलकी..."

"तू गप ऱ्हाय."

पेमादादानं बशी हळूच तिच्या हाताखालून काढून घेतली. "तुला कदी कळलं?"

"आत्ताच" म्हणाली असती तर विषय मिटला असता. आम्ही सगळ्यांनी मानलं असतं. रीतानं तर मान डोलवायची तयारीच केली होती.

"पहिल्याच घोटाला," ती म्हणाली.

दुसरा घोट त्यानंही बघितला होता. धोतराच्या सोग्यानं बशी पुसली, पालथी ठेवली आणि लंगडत गोठ्याकडं गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पारुबाईनं उरलेली बाटली मोरीत ओतली. त्या फळाचा वास आमच्या घरापर्यंत आला, आणि इतका गोड वास मला कधी नकोसा झाला नव्हता.

सकाळी झाडूच्या आवाजानं मी बाहेर आलो. आज कोण सापडलं म्हणून चौकात गेलो, तर पारुबाई. ओढणी काढून मंदिराच्या पायरीवर ठेवलेली, पिकले केस उघडे. नियम करताना तिच्यापुढं पुरुषांची डोकी होती. बाईनं अख्ख्या तांड्यासमोर डोकं उघडं करायचं म्हणजे काय, हे तेव्हा तिच्या मनात आलं नसावं. पेमादादा पायरीवर बसला होता, तिच्याकडं पाठ करून.

प्रचाराला निघायला बाया जमत होत्या. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. शेवटी निलम पुढं झाली, त्यांच्यातली सगळ्यात तरुण.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

पारुबाईनं सगळं सांगितलं, कमरेत वाकूनच.

"तुमी फळाचं समजून घेतलं की. चुकून झालं. उठा बरं."

"पहिला घोट चुकून. दुसरा न्हाई."

निलमनंच हलक्या आवाजात विचारलं, "इतकं चांगलं व्हतं?"

झाडू थांबला. "व्हय," पारुबाई म्हणाली, आणि तिची मान आणखी खाली गेली. मी रात्रीपासून एक थट्टा तयार ठेवली होती, झाडू कसा धरायचा ते नरसिंगला विचारा म्हणून. ती तोंडातच राहिली.

त्या दिवशी बायांच्या पुढं निलम चालली आणि पारुबाई सगळ्यात मागून, ओढणी नाकापर्यंत ओढून. मतदानात बाटली आडवी झाली. बायांनी गुलाल आणला तेव्हा पारुबाईनं कपाळ पुढं केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रणजीत खरीखुरी पीच घेऊन आला, कागदात गुंडाळून. रीतानं फोडी केल्या. पारुबाईनं एक नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"मला आंबट सोसत न्हाई. दात..."

"गोड हाय," पेमादादा खाता खाता म्हणाला. मग त्यानं आपल्या बशीत एक फोड ठेवून बशी तिच्याकडं सरकवली. "घे. हे नुसतं फळ हाय."

"ठिवा. खाते."

ती शेंगा निवडत बसली, बशीकडं पाठ करून. फोड दिवेलागणीपर्यंत तिथंच होती, काळी पडत.