पेवातली जागा

नामाजी भावजी आमचे शेजारी. मधी नुसती एक कुडाची भिंत. तिकडं त्यांची शेरडं-मेंढरं, इकडं मी. त्यांच्या घरात कोणी शिंकलं तरी मला कळतं, अन् मी कान लावून बसते असं कोणी म्हणलं तर त्याला मी सोडणार न्हाई. भिंतच पातळ हाय, मी काय करू?

माणूस वाईट न्हाई हं. मेंढीचं पिल्लू आजारी पडलं तर छातीशी धरून बसंल, रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून चहा पाजंल. पण जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा भरम, अन् ते गावभर सांगितल्याबिगर भाकर पचत न्हाई. सगळ्यांशी बोलणार, एका बायकोला सोडून. चंद्रभागाबाई त्यांची कारभारीण. लेक साधना लगीन होऊन कळमनुरीला गेली, तवापासून घरात ही दोघंच. तरी तिला हाक मारायची ती "अगं ए", न्हाईतर "साधनाची माय". आता नवरा-बायकोनं एकमेकाचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, हे मलाबी कळतं. मी तरी कुठं घेते? उकंडराव असं मी आमच्या मालकाला कधी म्हणत न्हाई. पण घरात, चार भिंतीतबी न्हाई?

एकदा भाकरी थापता थापता चंद्रभागाबाई मला म्हणली, "सुमनबाई, माझं नाव काय होतं ते मीच इसरून राहिले. अक्षता पडल्यापासून यांच्या तोंडून एकदाबी निघालं न्हाई. मरायच्या आधी एकदा तरी ऐकू येईल का?" हसत म्हणली, पण मला काही हसू आलं न्हाई.

मग आलं ते अणुबॉम्बाचं साल. हिंगोली तवा जिल्हा झाला नव्हता, आमी परभणीतच होतो. वैशाखात भावजी दोन बोकड घेऊन जवळा बाजारला गेले अन् येताना पेढे घेऊन आले. वेशीपासून वाटतच सुटले. मला वाटलं, साधनाला पोरगं झालं.

"काय झालं भावजी?"

"आपण बॉम्ब फोडला वैनी! तिकडं राजस्थानात, जमिनीच्या आत! सगळं जग हादरलं!"

चंद्रभागाबाई दारातून म्हणली, "तुमी तर बाजारला गेलते."

भावजीनं तिच्याकडं पाह्यलंबी न्हाई. चार दिवस असे छाती काढून फिरले, जसा काही बॉम्ब यांनीच लेंड्यांच्या खतात गाडून पिकवला. महिना सरायच्या आत खबर आली, पाकिस्ताननंबी फोडला. झालं! भावजींच्या तोंडचं पाणीच पळालं. मेंढरं घेऊन निघाले ते अर्ध्या रस्त्यातून वापस आले.

मी म्हणलं, "भावजी, पाकिस्तानला आपलं गाव कुठं ठाऊक? आपल्या गावात एस. टी. सुद्धा धड येत न्हाई."

"गाव नसंल ठाऊक. जवळा बाजार ठाऊक असंल. केवढा कापूस येतो तिथं! एक ठिणगी बस हाय. अन् हिंगोलीच्या मोंढ्यातल्या हळदीच्या बाजारावर टाकला तर? हळद उडून सारा मुलूख पिवळा व्हईल!"

"मग बरंच की," मी म्हणलं, "गावातल्या सगळ्या पोरींच्या हळदी एका दिवसात उरकतील."

माणूस आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाई. लई शांततेत गेले ते दिवस.

गावात टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्या वैजनाथचा. त्यानं कुठंतरी ऐकलं, का बॉम्ब पडल्यावर जो जमिनीखाली तो वाचला. अन् भावजींच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या घरामागच्या उंचवट्यावर आजाच्या काळचं पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी ठेवायचा जमिनीतला खड्डा. तोंड एक माणूस कसाबसा उतरंल एवढं, खाली पोट मात्र मोठं. ज्वारी भरायची, वर दगडाची फरशी ठेवायची अन् मातीनं लिंपून टाकायचं. पत्र्याच्या कोठ्या आल्यावर पेवाला कोणी विचारत नव्हतं. भावजीनं ते उघडलं, आतली कोंडलेली हवा निघून जायला तसंच ठेवलं, कंदील सोडून पाह्यला. कंदील विझला न्हाई. मग खाली उतरून झाडलं, शिडी लावली अन् वर येऊन सांगितलं, "सहा माणसं मांडी घालून बसतील."

अगं माय! त्या दिवसापासून नामाजी भावजी म्हणजे गावचे कलेक्टर. ज्याला त्याला पेवात जागा पाह्यजे. वैजनाथ दुकानातून चहापत्ती धाडून राहिला. आमच्या मालकानं अर्धी गाडी कडबा त्यांच्या दारात नेऊन टाकला, आमची म्हैस इकडं वरडून राहिली तरी. सांजच्याला भावजी दारापुढच्या पारावर बसून जागा वाटायचे. "उकंडराव बराबर मधात. वैजनाथ उजव्या अंगाला. सुभेदार माझ्याजवळ." सुभेदार म्हणजे त्यांचा एडका. शिंगं अशी, का एकट्याला दोन माणसांची जागा लागावी.

"अन् मी हो भावजी?" मी विचारलं.

"तुमी बी या वैनी. पण आत तोंड उघडायचं न्हाई. बोलल्यानं हवा लवकर सरती."

ऐका! एडक्यानं बेंबें केलेलं चालतं, मी बोललेलं चालत न्हाई! मी तिथंच सांगितलं, मला बॉम्बानं मरू द्या, पण गुमान बसून मी जगणार न्हाई.

हे सगळं चालायचं तवा चंद्रभागाबाई दारात उभी राहून ऐकायची. हातात कधी सूप, कधी केरसुणी. माणसांची नावं झाली, एडक्याचं झालं, का जरा वेळ थांबायची अन् आत जायची. रोज. मला रहावलं न्हाई. एक दिवस मी भावजीला तोंडावर विचारलं, "सगळ्यांच्या जागा झाल्या. घरच्या माणसाची कुठं हाय?"

"घरच्याला काय सांगायचं वैनी? ती हायच की."

"कुठं हाय?"

"हायच की!" म्हणले अन् सुभेदाराच्या पाठीवरून हात फिरवत बसले. असा राग आला मला! कडबा वापस आणायला निघाले होते, मालकानंच हात धरला.

पावसाळा तोंडावर आला होता. चंद्रभागाबाईनं घरावरचं मातीचं धाबं लिंपायला अंगणात माती भिजवून, भुसा घालून तुडवून ठेवली होती. लिंपावं तर तिनंच. गल्लीतल्या आमा सगळ्याजणींची माती तडकंल, तिची न्हाई. मी तिला पाणी आणून देऊन राहिले होते. भावजी, आमचे मालक अन् वैजनाथ लिंबाखाली जेवून लवंडले होते, तिघांच्याबी कानावरून पटके.

शिवारात शंकरसिंग विहिरीचं काम करून राहिला होता. खडक लागला, का सुरुंग उडवायचा. उडवायच्या आधी तो "होशियार! होशियार!" करून वरडायचा, ते आमा दोघींना बराबर ऐकू आलं. लिंबाखालच्यांना न्हाई.

धडाम!

लिंबावरचे कावळे उडाले, तिघं त्यांच्या आधी. "आला! आला! पाकिस्तान आला!" करत भावजी पळाले. धोतर एका हातात, सुभेदाराचा कान दुसऱ्या हातात. शिडीवरून कोण आधी उतरलं ते आजवर कोणी सांगत न्हाई. एडका ढकलला तवा आतून वैजनाथची किंकाळी आली, मोठ्या शिंगाची जागा चुकली असावी. मी पदर तोंडात कोंबून चंद्रभागाबाईकडं पाह्यलं. वाटलं, आता ही सांगंल का सुरुंग हाय. तिनं मला डोळ्यानं गप केलं. मातीचं घमेलं उचललं अन् पेवाच्या तोंडाशी गेली. मी मागोमाग.

खालून भावजी वरडले, "फरशी लाव! लिंप लवकर! अगं ए!"

"लिंपते की," ती म्हणली. वाकून शांतपणे तिनं विचारलं, "पण वरून कोण लिंपणार?"

"तू! अजून कोण? दुसऱ्या कोणाला जमतं का?"

"मग मी कुठं बसायचं?"

मी वाकून पाह्यलं, तर भावजी तोंड वर करून उभे अन् बोटांवर पुन्हा जागा मोजून राहिलेले. इतके दिवस जागा वाटल्या त्या माणसानं. लिंपणारीण वर राहती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बसा," चंद्रभागाबाई म्हणली, अन् तिनं फरशी सरकवली. दगडाचा खर्र आवाज झाला. अर्धं तोंड झाकलं. तिनं मातीचा गोळा घेतला अन् कडेला थापला, थप्.

"थांब!"

थप्.

"अगं ए, थांब! साधनाची माय!"

थप्.

"चंद्रभागा! चंद्रभागा, थांब! चंद्रभागा गं!"

शिवारापर्यंत गेला तो आवाज. शंकरसिंग काम सोडून आला, त्याला वाटलं सुरुंगानं कोणाला लागलं. चंद्रभागाबाई मातीचे हात तसेच धरून खाली बसली. भावजी आमच्या मालकाच्या खांद्यावर पाय देऊन, शिडी कुठं हाय तेबी न पाहता, डोक्यानं फरशी सारत वर आले. डोक्यावर जाळी, नाकाला माती, डोळ्यात पाणी. ते काही मातीनं आलेलं नव्हतं.

"तू उतर आत," म्हणले. "मी लिंपतो."

"तुमाला लिंपता येतं का?"

"न्हाई. पण लिंपतो."

"आधी शिका," ती म्हणली. "मग उतरते."

तेवढ्यात शंकरसिंगनं सांगितलं, का सुरुंग त्याचाच. खाली वैजनाथ अन् आमचे मालक "शिडी धरा, एडका सोडत न्हाई!" करून वरडून राहिले होते. पण त्यांच्याकडं कोणाचं ध्यान नव्हतं. मीबी जरा वेळ धरली न्हाई शिडी. कडब्याचं उट्टं काढलं.

त्या साली धाबं भावजीनं लिंपलं. सगळं गाव पाहायला जमलं. पयल्या पावसात ते जे गळलं, का चुलीपाशी घंगाळं ठेवावं लागलं. चंद्रभागाबाई त्या घंगाळ्यात पडणारं पाणी कौतुकानं पाहत बसायची.

मी तिला विचारलं, "तुला तर ठाऊक होतं सुरुंग हाय. काहून बोलली न्हाई?"

"बोलले असते तर यांनी नाव घेतलं असतं का?"

पुढच्या साली हिंगोली जिल्हा झाला. मग काही वर्षांनी पुन्हा सरहद्दीवर फौजा उभ्या राहिल्या, टीव्हीवर पुन्हा बॉम्बाच्या गोष्टी. वैजनाथ भीत भीत भावजीकडं आला, पेवाचं काय म्हणून. भावजी म्हणले, "ज्वारी भरून ठेवली. आमी दोघं वरच राहणार हाओत. तू बैस ज्वारीवर."

आताबी उन्हाळ्यात कुठं सुरुंग उडाला, का भावजी मेंढरं टाकून जागेवरूनच हाक मारतात, "चंद्रभागा, हायेस ना?" भिंतीपलीकडं ती हायच असती. पण एका हाकेला ओ देत न्हाई. दुसरी हाक येऊ देती, मग म्हणती, "हाय."