पायमोज्यांचं गाऱ्हाणं

शिमग्याला कोकणात जाणारा माणूस पिशवीत फवाऱ्याची बाटली घेऊन जात नाही. मी गेलो, कारण मंगलवहिनींनी फोनवर तंबीच दिली होती: कपड्यांवर मारायचं गोचिडीचं औषध मिळालं तरच या. सोलापुरात डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथं ते मिळालं. सोबत खांद्यावर नवा कोरा पंचा घेतला. सोलापूरचा माणूस पंच्याशिवाय गाव सोडत नाही.

वहिनी म्हणजे माझा मित्र विनायक याची बायको. आम्ही दोघं बी.एड.ला एका खोलीत राहायचो. आता तो त्याच्या गावाजवळच शिक्षक आहे. आरोंद्याच्या खाडीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी त्याची वाडी. गेल्या वर्षी त्याला माकडताप झाला. रानातली गोचीड चावून होणारा हा ताप माणसाला उठू देत नाही. विनायक कसाबसा वाचला होता.

एसटीतून उतरलो तर हवेत पिकलेल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) वास भरलेला. जेवायला ओल्या काजूची उसळ आणि सोलकढी होती. मी तिसऱ्यांदा वाढून घेत होतो आणि माझ्यासमोर नवरा-बायकोचं जुंपलं होतं.

"ह्यांका मी रानात धाडूचंय नाय," वहिनी म्हणाल्या.

"मान आमच्या घराचो आसा," विनायक म्हणाला. "मी नाय गेलंय तर पारध भायर पडाची नाय."

पारध म्हणजे देवाच्या नावानं केलेली शिकार. पूर्वी रानडुक्कर मारत. आता कायद्यानं बंदी आहे, म्हणून रानात एक कोहळा लपवतात, ढोल वाजवत तो शोधतात आणि मानकरी त्यावर कोयता चालवतो. शिकारीचा वाटा मात्र घरोघर जातो. मला हे ऐकून भलतीच गंमत वाटली. वहिनींना अजिबात वाटत नव्हती. रान तेच होतं, गोचिडीही त्याच होत्या.

संध्याकाळी खळ्यात (अंगणात) मी औषध मारायला घेतलं. बाटलीवर लिहिलं होतं: फक्त कपड्यांवर, अंगावर नाही, पूर्ण वाळल्यावरच घाला, ओलं असेतो मांजर लांब ठेवा. वहिनींनी मांजरीला माजघरात कोंडलं, ती आतून आमचा उद्धार करत राहिली. दोघांच्या पँटी, शर्ट, पायमोजे आणि विनायकचं पांढरं धोतर दोरीवर गेलं. रात्रभरात सगळं खडखडीत वाळलं.

सकाळी विनायक विहिरीवरून आला तो ते धोतर बुचकळून, ओलंच नेसून. पाय अनवाणी.

"अवो, औषधाचा धोतार भिजवलात कित्याक?" वहिनी ओरडल्या.

"मानकरी ओलेत्यानच जाता. बापूस गेलो, आजो गेलो."

एकदा नीट वाळलं की औषध काही धुण्यांपर्यंत टिकतं, असं मी बाटली वाचून सांगितलं.

"बाटलीक ताप येत नाय, भावजी," वहिनी म्हणाल्या आणि पँट नि पायमोजे घेऊन उंबऱ्यावर बसल्या. डोळे भरले होते. "ह्या घाला, नायतर माका ओलांडून जावा."

विनायकनं पँट चढवली, तिची टोकं पायमोज्यात खोचली, वरून ते ओलं धोतर नेसला, बूट घातले आणि निघाला. ध्यान असं दिसत होतं की मी हसू दाबायला पंचा तोंडावर धरला.

देवळापाशी सगळ्यांची नजर त्याच्या पायांकडे. ढोल थांबला. विनायक खाली मान घालून उभा. त्याच्या मोज्यांमुळे पारध विटाळली असं कुणी म्हणालं असतं, तर तो तिथल्या तिथं मोजे काढून रानात शिरला असता. गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) घालणारे म्हातारे बाबलकाका पुढे आले. त्यांनी एकदा मोज्यांकडे पाहिलं, एकदा बायकांत उभ्या असलेल्या वहिनींकडे, आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां पारधीक भायर पडतत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या विनायकाच्या पायात मोजे आसत, म्हाराजा. गेल्या वर्सा तेच्या घरकारणीन तेका मरणाच्या दारातसून ओढून हाडल्यान. तिचो शब्द तुयां राख, मोज्यांचो राग धरू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बायकांचा आवाज पुरुषांपेक्षा मोठा होता. बूट मात्र विनायकनं आपणहून काढले आणि काकांनी मानेनंच 'घाल' म्हटल्यावर पुन्हा घातले.

रानात पातेऱ्यावर (वाळक्या पाल्यावर) पाऊल पडलं की कुरकुर आवाज यायचा. विनायक पायवाट सोडत नव्हता. कोहळा एका काजूखाली सापडला, कोयता बसला, ढोल घुमला. मी पातेऱ्यावर पंचा अंथरून ऐटीत बसलो, बोंडू खाल्ले आणि त्याच पंच्यानं मान पुसली.

परतल्यावर वहिनींनी कपडे बाहेरच उतरवायला लावले, गरम पाण्यानं आंघोळ करायला लावली आणि उजेडात विनायकचं अंग तपासलं. एकही गोचीड नव्हती. त्या मनमोकळं हसल्या. मग सहज माझी मान पाहिली आणि त्यांचं हसू गेलं.

"पंच्यार औषध मारल्लास?"

नव्हतं मारलं. भुवयांच्या चिमट्यानं त्यांनी माझ्या मानेला चिकटलेली गोचीड अलगद, सरळ ओढून काढली आणि जागा साबणानं धुतली. ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आधी सांगायचं, असं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सोलापूरला शिकारीचा वाटा घेऊन पोचलो. कोहळ्याची भाजी घरात सगळ्यांनी आवडीनं खाल्ली. रोज संध्याकाळी वहिनींचा फोन यायचा: "ताप नाय मां?" पहिल्यांदा मी थट्टा केली. नंतर मीच फोनची वाट बघू लागलो, कपाळाला हात लावून. हे असं बसणं त्या बाईनं गेल्या वर्षी, खरा ताप समोर असताना काढलं होतं, आणि मी मात्र त्या मोज्यांना हसलो होतो. लाज वाटली.

मग एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आता इचारूचंय नाय. धोक्याचे दिवस सरले. फुडल्या वर्सा येवा. तुमच्या पंच्याचा पण गाऱ्हाणा घालूक सांगलंय बाबलकाकांक."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो आणि कपाळावरचा हात काढला.