पाटीवरचा हार

अपेक्षा आटपाडीकडची, मेंढपाळांच्या घरातली. कराडच्या एका महाविद्यालयात ती पीएच.डी. करते. तिचं काम निकेलच्या भुकटीवर. तापलेल्या भुकटीवरून वायू सोडले की त्यांची अभिक्रिया निकेलच्या पृष्ठभागावर होते. पण तिथली एकेक जागा किती वेगानं काम करते हे सांगायचं, तर वायूला चिकटायला अशा जागा किती आहेत तेही मोजावं लागतं. मग वेगाला जागांनी भागायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वेग मोजून झाला. त्याच भुकटीवरच्या जागा सकाळी मोजायच्या होत्या. तोवर भट्टी तापलेली आणि हायड्रोजन चालू राहायला हवा होता. बाहेरची हवा शिरली की निकेल गंजतं आणि जागा बुजतात. तिनं यंत्रावर पाटी लावली, ‘बंद करू नये’, आणि सकाळी आंघोळीपुरती वसतिगृहावर गेली.

परतली तेव्हा पाटीवर झेंडूचा हार होता. भट्टी गार पडलेली. हायड्रोजनची नळी काढून ठेवलेली, पूजेच्या फोटोत लोंबती दिसू नये म्हणून.

“मॅडमच म्हनल्या बंद करा,” प्रयोगशाळेतले शिपाई जालिंदरमामा पुटपुटले. “आज हत्यारानं इसावा घ्यायचा असतोय.”

यंत्राला हळदकुंकू लावायचं आणि ते जे सांगणार तेवढं मात्र ऐकायचं नाही. ही कसली पूजा?

तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडम पेढे घेऊन आल्या. “त्यात काय एवढं? मार्चमधल्या भुकटीच्या जागा मोजल्यात ना? तोच आकडा घाल. शोधनिबंध आजच पाठवायचाय.”

“ती भुकटी वेगळी होती, मॅडम.”

“कोण बघतंय?”

अपेक्षानं पेढा टेबलावर ठेवला. “लोकर एका कळपाची आणि मेंढरं दुसऱ्याची. असा हिशेब देणाऱ्याला आमचे आबा कळपाजवळ उभं करत नाहीत.”

“मग निबंधावर तुझं नाव राहणार नाही.”

“काढा. माझे वेगाचे आकडेही काढा. उरेल त्यावर तुमचं नाव घाला.”

मॅडम पेढ्यांचा डबा उचलून गेल्या. अपेक्षानं गंजलेली भुकटी काढली, नवी तोलून भट्टीतल्या नळीत भरली. सगळं पहिल्यापासून.

“बाय, दसऱ्यापतूर हात लावत न्हाईत,” मामा म्हणाले.

“दमलेलं कोण दिसतंय तुमाला, यंत्र का मी?”

मामांनी पाटीवरचा हार काढून खिडकीला अडकवला आणि हायड्रोजनची नळी जोडायला पाना शोधू लागले.