भाकरीवरचा पाय

बहात्तरच्या दुष्काळात मी शेवगावच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. आवाज असा की मैदानावर 'सावधान' म्हटलं की बाजारातले बैलसुद्धा कान टवकारायचे. त्या आवाजानंच मला सिनेमात नेलं. दुष्काळी कामांवर माहितीपट काढायला मुंबईहून एक गृहस्थ आले होते. थिएटरात मुख्य सिनेमाआधी धरणं आणि विहिरी दाखवतात आणि लोक तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर जातात ना, तसले माहितीपट जन्मभर काढलेला माणूस. त्यांनी मैदानाच्या कडेला उभं राहून माझी कवायत ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, माझ्या सिनेमात पहारेकरी व्हाल का?"

"कुठला पहारेकरी?"

"हिटलरच्या छळछावणीतला."

म्हटलं, झालं! उन्हानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं.

पण तसं नव्हतं. त्या छावणीतून जिवंत सुटलेल्या एका ज्यू बाईनं पुस्तक लिहिलं होतं, आणि तिची परवानगी काढून हे त्यावर सिनेमा करत होते. "मी आजवर समोर घडलं ते टिपलं," ते म्हणाले. "हे घडलं तेव्हा मी तिथं नव्हतो. मग कुणीतरी करून दाखवायलाच हवं." जर्मन कपडे नाहीत, परकी नावं नाहीत. पावाच्या जागी भाकरी. पाव तुडवलेला बघून आपल्या माणसाच्या पोटात कालवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. जागा म्हणून बाजारातलं गोदाम मिळालं. धान्यच नव्हतं, ते रिकामंच पडलं होतं. आणि कैदी कोण? खडी फोडणाऱ्या आमच्या बाया.

हे ऐकलं आणि माझी सटकली. "दुष्काळात हाडं निघालेल्या बाया आयत्या मिळतात म्हणून आलात होय इकडे?" मी तोंडावर विचारलं. दुसरा असता तर वाद घातला असता. ते म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या." गेलो, तर गोदामाच्या दारात चुली पेटलेल्या, रेशनवरच्या अमेरिकन मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी आणि पिठलं, आणि बाया पोटभर जेवतायत. "भुकेल्या माणसाकडून भुकेचं सोंग करून घेणं हा नीचपणा आहे," एवढंच बोलले आणि वाढायला लागले. त्या क्षणापासून मी त्या माणसाचा झालो, खरं सांगतो.

शेवटचा प्रसंग सर्वांत अवघड होता. पुस्तकातल्या बाईच्या हातातला तुकडा पहारेकरी खाली पाडतो, बुटानं तुडवतो, आणि ती तो चिखलातून वेचून खाते. आदल्या दिवशी त्यांनी बायांना गोळा करून हे सगळं सांगितलं. म्हणाले, "उद्या खरी भाकरी तुडवली जाईल. बघवणार नसेल तिनं येऊ नये." सगळ्या आल्या. त्या कैदिणीचं काम माझ्या वर्गातल्या एका पोराच्या आईला दिलं होतं. उंच, काळीसावळी, जिभेला धार असलेली बाई.

फिल्म फक्त दोन वेळा घेण्यापुरती उरली होती. कॅमेरा सुरू झाला. मी ओरडलो, तिच्या हातातली भाकरी उडवली, त्या भाकरीवर बूट ठेवला, आणि माझ्याही नकळत खाली वाकून तिला हात लावला नि तो कपाळाला लावला! अन्नाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आईनं अंगात मुरवलेलं. जर्मन पहारेकरी भाकरीच्या पाया पडला!

बाया फिस्सकन हसल्या. दोघींनी पदर डोळ्यांना लावला. कॅमेरावाला तर नाचायचाच बाकी होता. "साहेब, हेच ठेवा! त्याच्यातला माणूस जागा झाला. मुंबईत टाळ्या पडतील!" मलाही आतून गुदगुल्या झाल्या. "ठेवा की हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "तुम्ही चांगले आहात मास्तर. तो नव्हता. पुस्तकातल्या बाईच्या भाकरीला कुणी नमस्कार केला नाही. हे ठेवलं तर मी तिला खोटं पाडलं."

मग दुसरी तयारी. कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच माझा पाय हवेत थांबला. खाली येईना. समोर त्या बाया, बाहेर तो दुष्काळ. मी चिडून बूट काढून फेकले. "तुमच्या हातानं करा हे पाप!"

"बरं," ते म्हणाले. माझे बूट त्यांना ढगळ होत होते, म्हणून आत पोत्याचे बोळे कोंबून त्यांनी ते चढवले. मग बायांपुढे हात जोडून उभे राहिले. "हे पाप माझं. पायच दिसतील, पण माझे असतील."

मग कैदीण झालेली ती बाई म्हणाली, "करा, सायब. पर एकदाच करा. आन् असं करा, का त्या पुस्तकातल्या बाईचं लोकास्नी कळंल."

त्यांनी केलं. भाकरीचा चुरा झाला, मातीत मिसळला. बायांचे चेहरे मी पाहिले. तसे चेहरे कुणी सांगून होत नाहीत. ती गुडघ्यांवर बसली, तुकडे वेचले, तोंडात घातले. कट झालं. फिल्म संपली. ती मात्र खातच होती.

ते धावले. "झालं हो, बाई. टाका ते. माती आहे."

"तिनं टाकलं न्हाई न्हवं?" ती म्हणाली. "मग मी का टाकू?"

ते तिच्यासमोर मटकन खाली बसले. बूट काढले, बाजूला ठेवले, आणि हात पुढं केला. तिनं एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. एवढा मोठा माणूस, पण डोळ्यांतलं पाणी न पुसता चावत बसला. मला राहवेना. मीही जाऊन बसलो आणि हात पसरला.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "तुमी पाया पडून मोकळं झालात."

आणि उरलेला तुकडा तिनं त्यांना दिला.