चार इंची भिंत

माझे भाऊजी गवंडी. वस्तीत त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहानथोर सगळे मिस्त्रीच म्हणायचे. ताईचं त्यांच्याशी लग्न ठरत होतं तेव्हा आईने एकच चौकशी केली होती, मुलगा हात उचलतो का. मध्यस्थ म्हणाला, "तापट आहे, पण माणसांवर कमी उचलतो." ते 'कमी' म्हणजे नेमकं किती, हे ताईला पुढे कळलं.

शहरात आल्यावर पहिली दोन वर्षं भाऊजी पुलाखाली झोपले. तिथे हत्यारांच्या पिशवीसाठी एकाने त्यांच्या डोक्यात पाइप घातला. त्यांनी उठून थापीच्या धारेने त्याचा गाल फाडला आणि पिशवी परत घेतली. हा किस्सा ते जेवताना सांगायचे, आज मीठ कमी पडलंय हे सांगावं तशा आवाजात.

आमची वस्ती एका कारखान्याच्या मागे. आमच्या बोळात एकाच रांगेत दहा खोल्या. पाठीला कारखान्याची दगडी भिंत, समोर दुसऱ्या गोदामाची, बोळाचं तोंड मोठ्या रस्त्याकडे आणि दुसरं टोक बंद. दहाही खोल्या भाऊजींनी बांधलेल्या. लोकांची ऐपत बेताची, म्हणून दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही चार इंची. पलीकडे कोणी खोकलं की अलीकडे ऐकू यायचं. नवराबायकोचं भांडण जुंपलं की शेजारून फुकटचा सल्ला यायचा.

शेवटची दहावी खोली तेवढी वेगळी होती. तिथे पावडरची आई राहायची. पावडर याच बोळात वाढलेला. मानेवर पांढरा थर दिसेल इतकी पावडर थापायचा म्हणून हे नाव पडलं. मोठा झाल्यावर तो एका बिल्डरला जागा मोकळ्या करून द्यायला लागला. हातात चार पैसे खेळू लागल्यावर त्याने आईची खोली पाडून नवी बांधून घेतली. नऊ इंची भिंती, भरपूर सिमेंट, आणि पलीकडच्या गल्लीत उघडणारी जाळीची खिडकी. भाऊजींनी ती जीव ओतून बांधली. असं काम त्यांना वस्तीत पुन्हा मिळालं नाही.

मग जागेवर सरकारी घरांची इमारत होणार असं ठरलं. वस्तीवाल्यांना घरं, आणि उरतील ती बिल्डरने विकायची. म्हणजे माणसं जितकी कमी उरतील तितका बिल्डरचा फायदा. पावडर दारोदार फिरून जागा सोडल्याच्या कागदावर अंगठे घेऊ लागला. बोळातल्या तिघांनी दिले. बाकीचे मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होते. मिस्त्री त्याला दारातच म्हणाले, "तू चड्डीशिवाय हिंडायचास तेव्हापासून तुला ओळखतो. चल, नीघ."

दोन दिवसांनी कामाच्या ठिकाणी, जेवणाच्या सुट्टीत, पावडरची दोन माणसं आली. त्यांनी भाऊजींना पालथं पाडलं, एकाने डावा हात फरशीवर दाबून धरला आणि दुसऱ्याने भाऊजींचाच हातोडा उचलला. पाच-सहा घाव घातले. मुकादम पाठ करून पाणी पीत राहिला. त्याची तहान हातोडा थांबेपर्यंत भागली नाही.

माझा टेंपो होता. त्यातूनच मी त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत ते एकदाच म्हणाले, "फडकं आहे का रे? तुझी सीट खराब होतेय." दोन बोटं कापावी लागली.

घरी आल्यावर त्यांनी लोखंडी पहार काढून उशाशी ठेवली. ताईने विचारलं, "अहो, ही कोणासाठी?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? तुम्ही तुरुंगात जाल नाहीतर मसणात. पोरीला घेऊन मी कुठे जाऊ?"

त्यांनी धड हाताने तिच्या मुस्काटात मारली. माझ्यासमोर. मी उठलो, तर ताईनेच मला हाताने खाली बसवलं. ओठाचं रक्त पुसलं, पहार उचलून खाटेखाली सरकवली आणि वर बसली. "आता मारा अजून. पण पहारीला हात लावायचा तर मला उचलून बाजूला ठेवावं लागेल." भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांची औषधं घेऊन गेलो होतो. बोळात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं होती, बाकी सगळे कामावर. ताई-भाऊजींची खोली सहावी. बाहेर आरडाओरडा झाला म्हणून मी दार उघडलं आणि आगीची झळ तोंडावर आली, भुवया जळाल्या. बोळाच्या तोंडाशी भंगारवाल्याचा प्लास्टिकचा साठा होता. पावडरच्या माणसांनी तोंडाला हातगाडी आडवी लावून तो साठा पेटवला होता. प्लास्टिक वितळून बोळाच्या गटारातून जळत आत येत होतं, दारांखालून घरात शिरत होतं. रस्त्यावर सळया घेतलेली माणसं उभी होती. भंगारवाला पाण्याची बादली घेऊन धावला, तर त्यांनी त्याचं डोकं फोडलं.

आसपासच्या खोल्यांमधले लोक जीव घेऊन आमच्याकडे घुसले. मग बाहेर पडणं कोणालाच शक्य राहिलं नाही. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. तिने खाटेखालून पहार काढून त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात पाचव्या खोलीच्या भिंतीवर आतून ठोका पडला. तिथे हमाल म्हातारा आणि त्याची अंथरुणाला खिळलेली बायको राहायची. तो भांड्याने भिंत ठोकत होता. "मिस्त्री! अहो मिस्त्री!" भाऊजींनी त्या भिंतीवर पहार घातली. दोन घावांत वीट निसटली आणि भोकातून काळा धूर आणि ज्वाळेचं टोक आत आलं. पलीकडचं छप्पर पेटलेलं होतं. एका बाईचा पदर पेटला, तो आम्ही पायांनी विझवला. पोरं खोकून खोकून ओकायला लागली. ताईने भाऊजींचा सदरा मागून ओढला. "अहो, पोरं मरतील इथे! पोरं!"

ते एक क्षण थांबले. हमाल ठोकतच होता. मग त्यांनी पाठ फिरवली. ताईने ओली चादर कोंबून ते भोक बंद केलं. हे माझ्या बहिणीने केलं, मी डोळ्यांनी बघितलं, आणि आम्ही सगळे त्यामुळेच जगलो.

सातव्या खोलीकडची भिंत सात-आठ घावांत गेली. पहारीच्या एका टोकाला त्यांचा धड हात, दुसऱ्याला माझे दोन. पोरांना आधी ढकललं, मग म्हाताऱ्यांना. सातवीतून आठवी, आठवीतून नववी. वाटेत सापडतील ती माणसं बरोबर येत गेली, एकोणीस झाली. नवव्या खोलीत आम्ही अडलो. समोर पावडरच्या आईची नऊ इंची भिंत. वीसेक घाव घातले, नुसता गिलावा उडाला. भाऊजींनी पट्टीचा हातही लावला, तिच्यातून रक्त गळून पहार निसटायला लागली. "कोणी बांधली रे ही!" ते ओरडले आणि स्वतःलाच आईवरून शिवी दिली. त्या धुरातही एक म्हातारी हसली, मग रडायला लागली.

पलीकडून बाईची किंकाळी आली. पावडरची आई आत होती. आदल्या दिवशी लेकाने तिला बहिणीकडे पाठवलं होतं, पण रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या म्हणून ती सकाळी परत आली होती. तिचंही दार पेटलं होतं.

"मावशी! कोनाडा कुठेय तुमचा?" भाऊजी ओरडले. "दिव्याचा कोनाडा! त्याच्यात ठोका!"

तिने ठोकलं. तेवढ्याच जागी भिंत चार इंची होती. आम्ही तिथे घाव घातले. माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट झाली. कोणाच्या पाठी सोलल्या, एका पोराचा खांदा निखळला, पण सगळी पलीकडे गेली. मग खिडकीची जाळी पहारीने उपसून आम्ही गल्लीत उड्या टाकल्या. भाऊजी शेवटी आले. त्यांनी वळून परत आत जायचा प्रयत्न केला, तेव्हा मी आणि दुसऱ्या दोघांनी त्यांना जमिनीवर पाडून वर बसून धरलं. ते आमच्या हातांना चावत होते.

हमाल आणि त्याची बायको गेले.

खटला उभा राहिला आणि लांबत गेला, तोवर जागेवर इमारतही वर चढत आली. पावडरला आग लागणार हे आधी ठाऊक होतं, हे सांगू शकणारी एकच साक्षीदार होती, त्याची आई. वकिलाने विचारलं, "आदल्या दिवशी तुम्हाला बहिणीकडे जायला कोणी सांगितलं?" ती लेकाकडे न बघता म्हणाली, "कोणी नाही. मला बहिणीची आठवण आली होती." सळयावाल्यांना शिक्षा झाली, पावडर सुटला. कोर्टाच्या जिन्यात भाऊजींनी त्याला गाठलं, केसांना धरून त्याचं तोंड कठड्यावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दात पायऱ्यांवर सांडले. तीन शिपाई लागले सोडवायला. भाऊजींना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

ते आत असताना बोळातल्या लोकांची नावं घरांच्या यादीतून गायब झाली. कागद जळाले, मग तुम्ही राहत होता कशावरून, असं कार्यालयातला साहेब म्हणाला. ताईने सगळ्या बायकांना घेऊन कार्यालयाचं फाटक अडवलं. लाठ्या पडल्या. ताईचं गळ्याखालचं हाड मोडलं, तरी ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून पुन्हा तिथेच. शेवटी नावं चढली. बोळात उरलेल्या सगळ्यांना एकाच मजल्यावर घरं मिळाली, सातव्या. पावडरच्या आईचं दार ताईच्या दाराला लागूनच.

भाऊजी सुटून नव्या घरी आले, त्याच आठवड्यात हमालाची मुलगी आली. सासरी दूर असायची. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "लोक म्हणतात, बाबांनी तुम्हाला हाका मारल्या. खरंय?"

ताई मध्ये बोलू लागली, "अगं, धूर इतका होता..."

"खरंय," भाऊजी म्हणाले. "मी दोन घाव घातले आणि पाठ फिरवली. मग दुसऱ्या बाजूची भिंत फोडली."

तिने त्यांच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. त्यांनी मान हलवली नाही, धड हातही वर केला नाही. ती दमून खाली बसली आणि मोठ्याने रडली. ताईने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. जाताना भाऊजींना म्हणाली, "निदान खोटं बोलला नाहीत." त्यानंतर भाऊजींनी ताईवर किंवा पोरीवर हात उचललेला मी पाहिला नाही. ताईला विचारलं तर तीही नाही म्हणते.

दोन वर्षांनी पावडरला दुसऱ्या एका वस्तीत दिवसाढवळ्या भोसकलं. निरोप घेऊन शिपाई सातव्या मजल्यावर आला. प्रेत ओळखायला घरचं माणूस हवं होतं, आणि पावडरची आई जिन्याचा कठडा धरून उभी होती. दारं उघडली, पण पुढे कोणी होईना. भाऊजी चपला घालून बाहेर आले. "चला मावशी," म्हणाले, "सावकाश उतरा." मला म्हणाले, "टेंपो काढ."

शवागारात तिने एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. कागदावर अंगठा देताना तिचा हात इतका थरथरत होता की शाई नुसती फासली जाई. भाऊजींनी आपल्या तीन बोटांच्या हाताने तिचं मनगट धरलं आणि अंगठा नीट टेकवला. परत येताना ती मधल्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "मिस्त्री, कोर्टात मी खोटं बोलले."

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले, आणि मला सिग्नल सुटल्याचं दाखवलं.