टेलरबाईंना जाऊ हवी होती

सोबतसंघात दाखल होताना दोन गोष्टी दाराशी ठेवाव्या लागतात: चपला आणि नाव. चपला परत मिळतात. नाव मिळत नाही, कारण ते कामात आड येतं. संघाचं व्रत सोपं आहे. जे माणूस आता जाणार, त्याच्या उशाशी बसायचं, आणि बसण्याआधी विचारायचं, "मी तुमची कोण होऊ?" समोरून जे नातं येईल ते पदरात घ्यायचं आणि शेवटपर्यंत निभवायचं. बहुतेक जण मुलगी म्हणतात, काही जण आई म्हणतात. एका ट्रक ड्रायव्हरने "क्लीनर हो" म्हटलं होतं, तर त्या सोबतिणीने शेवटपर्यंत त्याला मागून गाडी येतेय का ते सांगितलं. आणखी एक नियम आहे: मरणाऱ्याशी आणि त्याच्या माणसांशी खोटं बोलायचं नाही.

आपली सोबतीण संघात सगळ्यांत नवी. तिला सगळे मऊताई म्हणायचे, आवाजामुळे. त्या आवाजावर तिने बरीच वर्षं पोट भरलं होतं. एका लिफ्ट कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून शिव्या घालायची आणि ही लोण्यासारखं बोलायची, "काळजी करू नका, मेकॅनिक येईपर्यंत मी लाइनवर आहे." एकदा असेच एक आजोबा अडकले. छातीत दुखतंय, फोन ठेवू नकोस म्हणाले. तिने ठेवला नाही. दार उघडलं तोवर ते गेले होते, पण मेकॅनिकने नंतर सांगितलं, चेहरा अजिबात घाबरलेला नव्हता. त्याच महिन्यात तिने राजीनामा दिला.

"आधी अडकलेल्यांना सोबत, आता सुटणाऱ्यांना," तिचा दादा म्हणाला. "पगार तरी विचारलास का?"

तर ही मऊताई पहिल्यांदाच एकटी संघाच्या घरातल्या एका खोलीत गेली. खाटेवर टेलरबाई. हाडं आणि डोळे एवढंच काय ते उरलेलं, पण डोळे टाचणीसारखे. मुलगा शेजारी ओशाळून उभा. "आईचं मनावर घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "बोलायला जरा तिखट आहे."

मऊताईने हात जोडले. "मी तुमची कोण होऊ?"

"जाऊ," टेलरबाई म्हणाल्या. "धाकटी. आणि उभी काय राहतेस? भांड!"

मुलाने कपाळाला हात लावला. मग सगळं त्यानेच सांगितलं. टेलरबाई आणि त्यांची धाकटी जाऊ यांचं एका खोलीत दुकान होतं, दोन मशिनी समोरासमोर. गावात नवं थिएटर उभं राहिलं तेव्हा रंगमंचाचा मोठा पडदा शिवायचं काम दोघींना मिळालं. उजवी बाजू थोरलीची, डावी धाकटीची, मध्ये दोघींनी मिळून जोडायचं. पहिल्या खेळाला पडदा सोडला आणि अख्खं गाव हसलं. पडद्याची एक बाजू जमिनीला टेकलेली आणि दुसरी वीतभर वर! खालून नटांचे पाय दिसत होते. थोरली म्हणाली, तुझी बाजू लांब झाली. धाकटी म्हणाली, तुमची आखूड. त्या दिवसापासून टेलरबाई थिएटरची पायरी चढल्या नाहीत, आणि भांडण मिटलं नाही. मशिनी समोरासमोर चालत राहिल्या, तोंडंही. तीन वर्षांपूर्वी धाकटी अचानक गेली, निकाल न लावता.

"निकाल लागल्याशिवाय मी हलत नाही इथून," टेलरबाई म्हणाल्या. "डॉक्टरला सांग, थांब म्हणावं. बोल गं! कुणाची बाजू चुकली?"

मऊताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जाऊबाई, तुमची गैरसोय झाली त्याबद्दल..."

उशी तिच्या कानावरून गेली.

"ही माझी जाऊ? माझी जाऊ असती तर म्हणाली असती, मोजमाप येत नाही तर टेप गळ्यात कशाला घालता, दागिना आहे का?"

मऊताई बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली, डोळे पुसले आणि मुलाला पकडून बसवलं. धाकट्या काकू कशा बोलायच्या? चहा कसा घ्यायच्या? तो सांगू लागला तसा खुलला. काकू डावखुऱ्या होत्या, कात्री उलटी धरायच्या, रागावल्या की आवाज आणखी गोड व्हायचा.

गोड! तेवढं तर तिच्याकडे भरपूर होतं. दुसऱ्या सकाळी ती खोलीत शिरली ती कमरेवर हात ठेवूनच. "जाऊबाई," ती मधाळ आवाजात म्हणाली, "रात्री झोप लागली ना? नाही म्हणजे, आखूड पांघरुणात पाय उघडे पडतात, म्हणून विचारलं."

टेलरबाईंचे डोळे असे चमकले की विचारू नका. "आली!" त्या म्हणाल्या. "आली माझी सवाई!"

मग जे सुरू झालं! शांततेसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या घरात टोमणे भिंतींवर आपटायला लागले. संघाच्या प्रमुख माई धावत आल्या. "अगं, पलीकडे मास्तर आहेत, त्यांचे दिवस भरत आलेत." तेवढ्यात मास्तरांचाच निरोप आला: दार उघडं ठेवा, धाकटीचं नीट ऐकू येत नाही.

टेलरबाई दोन घास जेवल्या. पण संध्याकाळी त्यांनी मऊताईचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "हे छान चाललंय गं. पण खरं कोण होतं? मला थोडेच दिवस आहेत."

 धाकटी म्हणून मऊताई "तुम्हीच चुकलात" म्हणू शकत होती, पण ते खरं होतं का? खोटं बोलायचं नाही. आणि खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. मग एकदम तिच्या डोक्यात बटण दाबल्यासारखं झालं. पडदा! पडदा असेल की!

"माई, मला एक दुपार सुट्टी द्या."

"उशाशी कोण बसेल?"

"तुम्ही."

माई बसल्या आणि नियमाप्रमाणे विचारलं, "मी तुमची कोण होऊ?" टेलरबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सासू. आणि मधे बोलू नका."

थिएटर अजून होतं, आता तिथे शाळांची संमेलनं व्हायची. राखणदाराने कुलूप काढलं. पडदा होता तसाच, रंग उडालेला, धुळीने जड. मऊताई टेप घेऊन मोजायला लागली. उजवी बाजू, मग डावी. तिने पुन्हा मोजलं. दोन्ही सारख्या! कशा सारख्या? अख्खं गाव हसलं होतं ना? ती रंगमंचावर पालथी पडली, नाक फळ्यांना लागलं, आणि उजव्या बाजूची खालची किनार मोबाइलच्या उजेडात उलटून पाहिली.

जोड होता! वीतभर रुंद पट्टी, त्याच कापडाची, हाताने शिवलेली. टाके बारीक, एकसारखे, आणि सगळे उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताचे.

ती परत आली ती धापा टाकत. टेलरबाईंच्या नाकावर चष्मा चढवला, मोबाइलवर काढलेला त्या टाक्यांचा फोटो मोठा करून धरला. "जाऊबाई, बघा. तुमची बाजू आखूडच होती."

टेलरबाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. काचेवरून बोट फिरवलं, जणू टाके हाताला लागणार होते. 

"माझ्या बाजूला हात लावला!" टेलरबाई कडाडल्या. "मला न विचारता! गुपचूप जाऊन! आणि गावात कुणी बोललं नाही?"

"तुमच्यासमोर पडद्याचं नाव काढायची छाती होती कुणाची?"

"मग तिने का नाही सांगितलं? एवढा पुरावा हातात! माझ्या तोंडावर मारायचा ना!"

 हे मऊताईला खरंच माहीत नव्हतं. "धाकट्या बाईंच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू?" ती आपल्याच आवाजात म्हणाली. "पण मी असते, तर नसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी समोर बसून काय बोलायचं मग?"

टेलरबाई हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता रडल्या, आणि त्यातच म्हणाल्या, "हलकट. किती सुबक शिवलंय बघ."

दोन दिवसांनी, सकाळी, श्वास लांबायला लागला. मुलाने छापून आणलेला फोटो उशीखाली होता. "आता भेटतेच तिला," त्या पुटपुटल्या.

"काय सांगणार, जाऊबाई?"

"किनार जाड दुमडलीस म्हणून."

"जाड? डोळे तपासा आधी!" मऊताई म्हणाली, आवाज फाटला तरी म्हणालीच. टेलरबाईंच्या ओठाचा कोपरा उत्तरासाठी वर गेला, आणि तिथेच राहिला.

मुलगा धावत आला तोवर सगळं आटोपलं होतं. त्याने आईच्या कपाळावर हात ठेवला. "शेवटी शांत होती ना?"

खोटं बोलायचं नाही.

"छे हो," मऊताई म्हणाली. "भांडत होत्या."

तो खाटेच्या कडेला बसून, डोळे पुसत, पोट धरून हसला.