द्रौपदाबाईच्या हातचे मांडे

धरणगावाकडच्या त्या खेड्यात लग्नाची तिथी धरायच्या आधी लोक द्रौपदाबाई मोकळी आहे का, ते विचारून येत. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर असा खेळवी की बघता बघता मांडा कोपरापर्यंत लोंबे आणि अलगद तापल्या खापरावर पडे. एरवी घरात तिला कोण विचारतो? नवरा अभिमन तर मुळीच नाही. पण चुलीपुढे तिचाच शब्द चाले.

अठ्ठ्याऐंशीच्या माघात घराच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालून उतरताना शिडी सरकली आणि तिचा उजवा दंड मोडला. गावात हाडं बसवायला लोटनआबा होते. त्यांनी दंड ओढून बांबूच्या कामट्या बांधल्या. म्हणाले, "हाड बसी गयं, बेटा. मंजुळाना लगीनमा मांडा तूच करशी." मंजुळा तिची लेक, लग्न वैशाखात होतं.

खांदाही निखळलाय, हे आबांच्या हाताला कळलं नाही. आणि आबांची बांधणी मधेच सोडणं म्हणजे त्यांचा अपमान! तीन आठवडे बाईने दात आवळून कळ सोसली. बोटं बधिर झाली तेव्हा कुठे अभिमनने तिला जळगावला नेलं.

डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघून म्हणाले, "खांदा आता उघडूनच बसवावा लागेल. ओढताना दंड पुन्हा मोडेल, म्हणून आधी त्याला पट्टी नि स्क्रू. पहिल्या दिवशी आला असतात, तर हात पूर्ण उचलता आला असता, बाई."

ऑपरेशन झालं. ती रोज भिंतीवर बोटं चढवायची. पण बोटं छातीच्या वर गेलीच नाहीत.

लग्नाच्या दिवशी तिने हट्टाने गोळा घेतला. डावा हात चढला, उजवा तिथंच राहिला. मांडा फाटून चुलीत पडला. शेजारच्या नर्मदाबाईने परात आपल्याकडे ओढली आणि पुढचे मांडे तिनेच केले. इतकं वाईट द्रौपदाबाईला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटलं नव्हतं.

मग ती पंगतीत कुणाला काय हवं-नको ते विचारत फिरली. त्या लोटन म्हाताऱ्याला चार शब्द सुनाव, असं बायकांनी तिला कितीदा सांगितलं होतं. ऑपरेशनचं कळल्यापासून आबांनी कुणाच्या हाडाला हात लावला नव्हता. ती पुढ्यात आली तसं पानावर बसलेल्या आबांनी घास हातात धरून वर पाहिलं.

"हाऊ मांडा तुनाच हातना शे ना, द्रौपदा?"

जेवणाऱ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"हां आबा," ती म्हणाली, "मनाच हातना शे."